सासऱ्यांच्या यानाची देखभाल

मी एका खेळाची देखभाल करतो. हे वाक्य ऐकलं की माणसं मला क्रिकेटच्या मैदानावर पाणी मारताना डोळ्यांसमोर आणतात, म्हणून आधीच सांगून टाकतो. कॉम्प्युटरवरचा खेळ आहे, फार जुना आहे आणि त्यात औषधालासुद्धा चित्र नाही. काळा पडदा, त्यावर आठ ओळी, आठ रकाने. हा झाला आकाशाचा एक तुकडा, असे पुष्कळ तुकडे. फुली दिसली की तारा समजायचा. 'य' म्हणजे आपलं यान, 'श' म्हणजे शत्रूचं, 'त' म्हणजे इंधन भरायचा तळ. कुठे जायचं तो आकडा टाइप करायचा, एंटर मारायचं, की खाली ओळी उमटतात: यान सरकलं, ऊर्जा इतकी उरली, मुदतीचे दिवस इतके उरले. मुदत संपायच्या आत सगळे शत्रू उडवले तर तुम्ही जिंकलात. बस, एवढंच.

कॉलेजच्या लॅबमधल्या एका खटारा यंत्रावर हा खेळ मी पहिल्यांदा पाहिला आणि कामातून गेलो. पुढे नोकरी लागली, लग्न झालं, भिसेगावात तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसलेला फ्लॅट घेतला, आणि घरून काम सुरू झाल्यावर एका रिकाम्या दुपारी त्या खेळाची आठवण झाली. जुना प्रोग्रॅम नव्या लॅपटॉपवर चालेना. मग तो नव्या भाषेत उतरवायला घेतला. याला आमच्यात पोर्टिंग म्हणतात. आजोळचा तांब्याचा बंब फ्लॅटच्या बाथरूममध्ये बसवायचं काम समजा. बंब ठणठणीत असतो, पण धूर कुठे सोडायचा ते कुणी सांगत नाही.

तर उतरवला, इंटरनेटवर फुकट ठेवला, आणि तिथेच चुकलो. जगाच्या पाठीवर हा खेळ खेळणारी माणसं अजून शिल्लक आहेत आणि ती एकजात खडूस आहेत. एकाचं म्हणणं, मूळ खेळात स्फोटाच्या वेळी बेल वाजायची, ती तुम्ही खाल्लीत. दुसऱ्याचं म्हणणं, ऊर्जा शून्याच्या खाली जाऊनही यान चालतंय, हे भौतिकशास्त्राला धरून नाही. मी प्रत्येकाला नम्र उत्तर लिहायचो आणि लिहिताना तोंडाने काय म्हणायचो ते बायको ऐकायची. ती साजगावच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते, दिवसभर माणसांशी भांडून घरी येते. ती म्हणायची, "तुम्ही म्हणजे बिनपगारी फुल अधिकारी. माझ्याशी कधी इतकं गोड बोलता का हो?"

गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत माझे सासरे शेताच्या बांधावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडून बसले. सासरवाडी कुंभिवलीची. सासऱ्यांनी जन्मभर शेती सांभाळून एका कारखान्यात बॉयलरवर नोकरी केली. तो माणूस कधी दुपारचा आडवा झालेला कुणी बघितला नव्हता. ऑपरेशन झालं, आत सळी बसली, हाडही नीट जुळलं. डॉक्टर म्हणाले, आता यांना चालवा. वॉकर घेऊन रोज चालले नाहीत तर पाय आखडेल, आणि एकदा आखडला की हे खाटेचेच होतील. सासऱ्यांनी मान हलवली, घरी आले, खाटेवर बसले, ते बसलेच. मोरीपर्यंत वॉकर घेऊन जायचे आणि परत. चला म्हटलं की "बघू उंद्या" म्हणायचे. असे कितीतरी उंद्या गेले. बायको दर रविवारी माहेरी जाऊन भांडायची आणि परत येताना गाडीत रडायची. तिला दिसत होतं ते मलाही दिसत होतं. चालता-फिरता माणूस तिच्या डोळ्यांदेखत खाटेला चिकटत चालला होता.

आता इथे आमच्याकडची एक पद्धत सांगायला हवी. जावयाला बोलायचं नाही. जावई घरात आला की आधी खुर्ची, मग पाणी, जेवणात रश्श्यातली चांगली फोड त्याला, आणि तो काहीही बरळला तरी "बराबर हाय" म्हणायचं. सासऱ्यांनी लग्नापासून मला कधी एका शब्दाने दुखावलं नाही. माझ्याबद्दल काही तक्रार असेल तर ती मुलीला फोन करून सांगायची आणि मुलीने माझ्यापर्यंत पोचवायची. मी शेजारी बसलेलो असलो तरीही.

तर त्यांचा वेळ जावा म्हणून गणपतीत मी माझा जुना लॅपटॉप त्यांच्याकडे नेला आणि खेळ मराठीत करून दिला. मराठीत करताना नाकी नऊ आले. देवनागरीतल्या मात्रा आणि जोडाक्षरं रकान्यांचं गणित मानत नाहीत, त्यामुळे पहिल्या दिवशी शत्रू दिसायचा एका रकान्यात आणि असायचा भलत्याच. सासरे दिवसभर गोळे सोडत राहिले. संध्याकाळी बायकोला त्यांचा फोन आला की जावयांचा खेळ चांगला हाय, पण दुश्मन कुणीतरी मंतरून ठेवलेला दिसतो, गोळा लागत नाय. मी रकाने दुरुस्त केले.

मला वाटलं होतं ते दोन दिवसांत कंटाळतील. छे. बॉयलरचे काटे वाचण्यात जन्म गेलेला माणूस तो, ऊर्जेचा आकडा समोर दिसल्यावर त्यांना घरी आल्यासारखं झालं. मात्र खेळण्याची रीत जगात कुणाची नसेल अशी. ऊर्जा निम्म्यावर आली की बाकी सगळं सोडून तळावर परत. आणि शत्रू दिसला तरी गोळी नाही. मी एकदा मागे उभा राहून बघत होतो. शत्रू अगदी शेजारच्या चौकोनात. मी म्हटलं, "बाबा, मारा."

"त्यानं काय केलंय आपलं?" ते म्हणाले.

"शत्रू आहे तो."

"बराबर हाय," ते म्हणाले, कारण मी जावई, आणि यान घेऊन त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. त्यांचं धोरण मला पुढे हळूहळू कळलं. शत्रूच्या एका अंगाला तारा असतो, दुसऱ्या अंगाला आपण उभं राहायचं, तिसऱ्या अंगाला त्याला हलायला जागा नसेल असं बघायचं, आणि मग तो कोंडला की सोडून द्यायचं, कारण आपण निघालो की त्या तुकड्यातला शत्रू जागचा हलत नाही. कोंडलेला शत्रू चरफडत बसतो, आपला बांध शाबूत राहतो. त्यांनी आकाशाच्या तुकड्यांना शेतांची नावं दिली होती. हा माळ, हे ओढ्याकडचं, ही खालची खाचरं. संध्याकाळी ओटीवर गावातली चार माणसं जमायची आणि यान कुठे न्यायचं यावर मत द्यायची. सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय एंटर मारायचा नाही. एका चालीला कधी कधी चहाच्या दोन फेऱ्या व्हायच्या.

या पद्धतीने मुदतीत खेळ संपणं शक्यच नव्हतं. पहिला डाव मुदत संपून बुडाला तेव्हा बायकोला फोन आला. तिने मला जसाच्या तसा सांगितला: "बाबा म्हणतात, जावयांना जमत असेल तर मुदतवाढ द्यायला सांग. अर्ज करायचा असेल तर करतो."

मी म्हटलं, हे तत्त्वात बसत नाही. देखभाल करणाऱ्याने खेळाचा आत्मा बदलायचा नसतो. मुदत हाच तर त्यातला जीव आहे. मी यावर बरंच बोललो. बायकोने ऐकून घेतलं आणि विचारलं, "देताय की नाही?" मी दिली. पुढच्या महिन्यात पुन्हा दिली. नंतर तर मुदतवाढीची आज्ञाच खेळात घालून टाकली, की ज्याची त्याने घ्यावी. पण घाईत एक आकडा चुकला आणि मुदतवाढ सगळ्या जगाला आपोआप मिळायला लागली. एका दूरच्या देशातल्या गृहस्थांचं पत्र आलं की माझं युद्ध संपत का नाही, मला जेवायला जायचं आहे. तेही निस्तरलं.

या सगळ्या आनंदात मुख्य गोष्ट बाजूलाच राहिली होती. सासरे चालत नव्हतेच. आधी निदान कंटाळून मोरीपर्यंत उठायचे, आता त्यालाही टाळाटाळ. बायकोने एके दिवशी जेवता जेवता ताटावरून हात काढला आणि म्हणाली, "डॉक्टर सांगत होते, खाटेवरून उठवा. तुम्ही त्यांना खाटेवर बसायला कारण आणून दिलंत. आता पाय गेला ना त्यांचा, तर तुमच्या त्या यानातच बसवून न्या त्यांना." ती चुकीचं बोलत नव्हती.

मग मी माझ्या परीने इलाज केला. खेळात एक ओळ घातली. तासाभराने यान आपोआप थांबायचं आणि पडद्यावर यायचं: कप्तानांनी उठून अंगणापर्यंत फेरी मारावी, त्याशिवाय इंजिन सुरू होणार नाही. फेरी मारली का? हो किंवा नाही लिहा. मला ही युक्ती फार हुशारीची वाटली होती. दोन दिवसांनी सासूबाईंनी फोनवर सांगितलं, "काय उठतायत कसले. ते विचारतंय, हे 'हो' लिवतात आन् पुढं जातात. जल्मात कदी खोटं नाय बोलला ह्यो माणूस, तुमच्या खेळानं तेवढं पन शिकवलं." मी ती ओळ काढून टाकली.

ते का चालत नव्हते हे मला खरंच समजत नव्हतं. आळशी म्हणावं तर तसा माणूस नाही. दुखतं म्हणावं तर विचारल्यावर नाही म्हणायचे. आमचं दोघांचं त्यावरून रोज वाजायचं आणि रोज तिथेच येऊन थांबायचं.

असा शिमगा आला. गणपतीनंतर सुरू केलेला त्यांचा डाव अजून चालू होता. आकाशातले जवळजवळ सगळे शत्रू कोंडून झाले होते, एकदोनच मोकळे होते, आणि ओटीवरच्या मंडळींत उत्साह होता. इकडे माझ्या खेळात मुदतीचा आकडा इतका फुगला होता की तो ठेवायची जागा पुरेना. मी म्हटलं, चला, एकदा नीट रचना बदलून टाकू. शनिवारचा दिवस घालवून साठवलेले डाव ठेवायची पद्धतच नवी केली, चार चाचण्या घेतल्या, सगळं चाललं, ते इंटरनेटवर चढवलं, तिथून सासऱ्यांच्या लॅपटॉपवर आपोआप उतरतं, आणि निवांत झोपलो. नव्या पद्धतीला जुने डाव वाचता येतात का, हे बघायचं राहिलं. बाकीच्या जगाचे डाव दुपारी सुरू होऊन संध्याकाळी संपतात. इतका जुना डाव पृथ्वीवर एकाच माणसाकडे होता.

रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन. "काय झालंय वो? सकाळी ते यंत्र उगाडलं, तवाधरनं गप हायत. भाकरीला हात नाय लावला. विचारलं तर बोलत नायत."

मी लॅपटॉप उघडून बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्यांच्या पडद्यावर उमटलं असणार: नवीन कप्तान, स्वागत आहे. सगळं आकाश कोरं, सगळे शत्रू मोकळे. बायको माझ्या मागे उभी होती.

"घालवलात," ती म्हणाली.

"सापडेल," मी म्हटलं. डाव माझ्याकडच्या यंत्रावरही साठायचे, त्यामुळे जुनी फाइल कुठेतरी असायला हवी होती. ती होती. पण नव्या प्रोग्रॅमला तिच्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, कारण मीच सगळे आकडे पुढेमागे सरकवले होते.

पुन्हा फोन वाजला. सासूबाईंचा आवाज बदललेला होता. "ते तुमच्याकडं आले का? खाट रिकामी हाय. वॉकर हितंच हाय. काठी नाय."

बायकोला काय सुचलं कुणास ठाऊक, तिने माहेरच्या शेजारच्या टेंपोवाल्याला फोन लावला. तो रोज भाजी घेऊन आमच्याकडे कर्जतला येतो. तो म्हणाला, "हायत ना, माज्या बाजूला बसलेत. अंगणातनं चालत आले आन् चढले. मी म्हटलं घरात म्हायती हाय का, तर म्हणाले गाडी चालव. पोचवतो मी भिसेगावला."

"अंगणातून चालत आले?" बायकोने दोनदा विचारलं. मग फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "ते यायच्या आत ते यान सापडलं पाहिजे. नाहीतर तुम्ही आणि तुमचं आकाश दोघंही घराबाहेर."

इतक्या वेगाने मी पगारी कामसुद्धा कधी केलं नाही. जुन्या फाइलमधला एकेक आकडा हाताने जागेवर लावला. एकदा सगळे तारे शत्रू झाले, एकदा यान दोन ठिकाणी दिसायला लागलं, आणि मग एकदाचं पडद्यावर त्यांचं आकाश उमटलं. माळ, ओढ्याकडचं, खालची खाचरं, आणि प्रत्येक कोपऱ्यात एकेक कोंडलेला शत्रू. त्याच वेळी खाली टेंपोचा हॉर्न वाजला.

मी धावत गॅलरीत गेलो. सासरे टेंपोतून उतरत होते, एक हात दाराला, एका हातात काठी. टेंपोवाला धरायला आला तर त्याला कोपराने बाजूला केलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, की बाबा, सापडला, चढू नका, मी लॅपटॉप घेऊन खाली येतो. माझं "बा" झालं तेवढ्यात बायकोचा हात माझ्या तोंडावर बसला. चांगला जोरात.

"गप," ती म्हणाली. "चढू दे."

मी डोळ्यांनी विचारलं, वेड लागलंय का. तिने मला ओढत घरात आणलं, दाराला फट ठेवली आणि मला भिंतीला टेकवून उभं केलं, तोंडावर हात तसाच. मग तिने टेंपोवाल्याला फोन करून हळूच सांगितलं की त्यांच्या मागोमाग चढ, धरू नकोस, पण दोन पायऱ्यांच्या वर अंतर ठेवू नकोस.

काठीचा आवाज यायला लागला. काठी, मग चप्पल, मग थोडा दम, मग पुन्हा काठी. आणि त्याबरोबर सासऱ्यांचा आवाज. लग्न झाल्यापासून साठवलेलं सगळं त्या जिन्यात बाहेर पडत होतं. "जावई म्हणून बोलत नाय आमी. खुर्ची दिली, मान दिला. आन् ह्यो बाबा रातीत सगळी दुश्मनं सोडून देतो. एवढं कोंडलं, एवढं राखलं. इचारायचं नाय? एक फोन नाय?" पहिल्या मजल्यावर कुणीतरी दार उघडल्याचा आवाज आला. सासऱ्यांनी त्यांनाही सांगितलं, की तिसऱ्या मजल्यावरचा आमचा जावई हाय, शिकलेला हाय म्हणतात. मी तोंड बंद करून माझी सगळी अब्रू मजल्यामजल्याने वर येताना ऐकत होतो.

दुसऱ्या मजल्यावर आवाज थांबला. काठीही थांबली. नुसता श्वास ऐकू येत होता, मोठा, घशातून येणारा. टेंपोवाला म्हणाला, "बसा जरा. न्हायतर जाऊ का परत?" मी बायकोचा हात तोंडावरून काढला आणि खाली जायला निघालो. तिने माझी कॉलर धरली. तिचे डोळे भरले होते, पण कॉलर सोडली नाही. मग ती फटीतून जिन्यात ओरडली, एकदम खणखणीत:

"बाबा, हे म्हणतायत तो डाव आता कायमचा गेला. नवीन मांडा म्हणे. त्यात काय एवढं."

खालून आलं, "त्यात काय एवढं?" आणि काठी इतक्या जोरात आपटली की मला वाटलं मोडली. त्यानंतरचा जिना त्यांनी जवळजवळ न थांबता चढला.

आत आले तेव्हा सदरा घामाने भिजला होता. खुर्चीत बसले. बोलायला दम नव्हता, म्हणून त्यांनी काठीनेच लॅपटॉप दाखवला. मी तो त्यांच्यासमोर फिरवला. त्यांनी वाकून बघितलं. एकेक तुकडा उघडून बघितला, माळ बघितला, ओढ्याकडचं बघितलं, शत्रू जागच्या जागी आहेत का ते बघितलं, शेवटी ऊर्जेचा आकडा बघितला. मग माझ्याकडे न बघता मुलीला विचारलं, "ह्यो कवा गावला?"

"तुम्ही टेंपोतून उतरत होतात तेव्हा."

"मंग खालीच सांगायचं नाय व्हय गं?"

"सांगितलं असतं तर तुम्ही खालूनच परत गेला असता."

त्यांनी हात खुब्यावर ठेवला, जरा दाबून बघितला. "गेलो असतो," ते म्हणाले. टेंपोवाला दारात उभा होता, तो उगाच बाहेर बघायला लागला. मग सासरे फार हळू, मुलीला ऐकू येईल एवढंच बोलले. "पडंन म्हणून घाबरत होतो गं. बांधावर पडलो ना, तवा उठवायला कुणीच नव्हतं बराच येळ. तेच डोळ्यांसमोर यायचं."

बायको त्यांच्या पायाशी बसली. रडायला आलं होतं म्हणून असेल, तिने खाली मान घातली आणि त्यांच्या चपला काढायला हात लावला. त्यांनी पाय मागे घेतला.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "टेंपो थांबलाय. उतरायचा हाय ना अजून जिना."